थांब्यावरच्या फळ्यावर ‘स्टॅश’

निवृत्त झाल्यापासून लटारू गुरुजी अहेरीजवळच्या आपल्या गावात, एसटीच्या थांब्यावरच्या फळ्यावर रोज एक इंग्रजी शब्द लिहीत. अर्थ आणि उगम यांसकट. तीन वर्षांत त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. लोक फळ्याला टेकून बसची वाट बघत आणि निम्मा अर्थ सदऱ्याला लावून बसमध्ये चढत. गुरुजींना याचं फार वाईट वाटे. सोमवारीही कोणी काही बोललं नाही तर फळा काढून आणायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

सोमवारी त्यांनी लिहिलं: ‘स्टॅश. क्रियापद. पुढे कामी येईल म्हणून गुपचूप दडवून ठेवणे. अठराव्या शतकात चोरांच्या बोलीतून आला. चोरांकडे कुठून आला, ते कोणालाच ठाऊक नाही.’

दहा वाजता पत्रू धापा टाकत आला. दारूबंदीच्या जिल्ह्यात पत्रूचं पोट कशावर चालतं, हे सारं गाव जाणून होतं.

“गुरुजी, पोलीस कवा येऊन राह्यले?”

“कोणते पोलीस?”

“चोर लिवलं, दडवलं लिवलं! मी तं तणसाच्या ढिगातला सारा माल नाल्यात ओतला!”

“अरे, तो नुसता शब्द हाय.”

“आता सांगता!” पत्रू खालीच बसला.

दुपारपर्यंत धनराजने सागाच्या दोन फळ्या ‘रस्त्यात सापडल्या’ म्हणून वनखात्याच्या नाक्यावर नेऊन दिल्या. मुखरूने शेजाऱ्याचा हरवलेला पाण्याचा पंप मुकाट्याने परत केला. गुरुजी गंभीर चेहऱ्याने घराकडे निघाले. आतून त्यांना नाचावंसं वाटत होतं. अख्खं गाव वाचत होतं!

घरी त्यांची बायको कमळाबाई स्टुलावर चढून तांदळाच्या कोठीमागून काहीतरी काढत होत्या. तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या खर्ऱ्याच्या आठ पन्न्या. डॉक्टरांनी दम दिल्यापासून बायकोनं खर्रा सोडला, असं गुरुजी दोन वर्षं समजत होते.

गुरुजींना रागवायचं होतं. पण तोंडून निघालं, “तू बी वाचते?”

“रोज.”

“मंग बोलली काऊन नाई?”

“बोलली असती तं तुमी पाठांतर घेतलं असतं.” त्या स्टुलावरून उतरल्या. “तुमी तापानं पडले तवा चार दिवस एकच शब्द होता. दवानं पुसून जाये. मीच सकाळी जाऊन त्याच्यावरून खडू फिरवत होती.”