गाडीखालचं पिल्लू

शोकसभेचा फलक छापणाऱ्याने मिस्त्रींचा फोटो जागेत बसावा म्हणून आडवा ताणला होता. त्यामुळे आयुष्यभर गालफडं बसलेला माणूस मेल्यावर एकदम खात्यापित्या घरचा दिसायला लागला. फोटोखाली ठळक अक्षरांत तीन शब्द होते: कष्टाळू, प्राणीप्रेमी, कुटुंबवत्सल. मिस्त्रीणबाईंनी ते वाचले आणि मनात म्हटलं, हे ज्याने लिहिलं त्याला तिन्हींपैकी एकाचीही सवय दिसत नाही.

सभा डेपोच्या वर्कशॉपमध्येच होती. चार बसगाड्या बाहेर काढून जागा केली होती आणि फरशीवरचे तेलाचे डाग भुसा पसरून झाकले होते. पहिल्या रांगेत बाई, त्यांच्या शेजारी अकरा वर्षांची मुलगी, आणि पलीकडे मांडीवर प्लास्टिकची फाइल घेतलेला दीर. फाइलमध्ये एक कागद होता. गेले नऊ दिवस तो कागद दीर घरी आणत होता आणि तसाच परत नेत होता.

कागदावर लिहिलं होतं की, माझे पती एका पिल्लाचा आवाज ऐकून, कुणालाही न सांगता, आधाराचे ठोकळे न लावता, स्वतःहून जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरले. त्यांच्या प्राणीप्रेमाचा आम्हा कुटुंबीयांना अभिमान आहे. खाली सहीसाठी रेघ. अभिमान हा शब्द डेपोच्या साहेबांनी जातीने घातला असणार, कारण दुसऱ्याच्या घरातला अभिमान त्यांना नेहमीच आधी दिसायचा.

"वहिनी, सही करून मोकळ्या व्हा," दीर पहिल्या दिवसापासून म्हणत होता. "पोरीच्या शिक्षणाचं साहेब बघणार आहेत. आणि यात दादाचं नाव चांगलंच होतंय की. जीव वाचवायला गेला असं लिहिलंय."

"ठोकळे लावले नाहीत असंही लिहिलंय, भाऊजी."

"ते आपलं असंच. कागदाला लागतं तसं."

दीर याच कंपनीत तिकीट खिडकीवर होता. साहेब शिंकले की हा आपला रुमाल शोधायचा. सख्खा भाऊ गेला त्या दिवशी तो मनापासून रडला होता, यात खोटं नाही. पण रडता रडता एक डोळा साहेबांची गाडी आली का ते बघत होता, हेही बाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

पिल्लाचं मात्र बाईंना खरं वाटलं होतं. का वाटू नये? घरात माणसं तीन आणि ताटल्या नऊ. एक लंगडा कुत्रा, एका डोळ्याची मांजर, तिची दोन वाया गेलेली पोरं, कुणीतरी डेपोत टाकून दिलेलं कासव, आणि उडायचं विसरलेलं एक कबूतर. मिस्त्री सहा दिवस गाड्यांखाली आडवे असायचे आणि सातव्या दिवशी कुत्र्याला आंघोळ घालायचे. बायकोला कुठे न्यावं, दोन शब्द बोलावं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कामावरून आले की एकच प्रश्न, "जेवलीस का?" तोच प्रश्न त्याच आवाजात मग कुत्र्याला, मग मांजरीला. कासवालासुद्धा. कुटुंबवत्सल म्हणे! चांगला माणूस घरात असण्याचा त्रास ज्याने भोगलाय त्यालाच कळतो.

म्हणून नऊ दिवस बाईंनी मनातल्या मनात नवऱ्याला शिव्याच घातल्या होत्या. शेवटी गेलात ना एका पिल्लापायी. आम्ही दोघी कुठे होतो तेव्हा, कितव्या नंबरवर? दुःखापेक्षा हा रागच जास्त होता आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती.

अडत होतं ते ठोकळ्यांपाशी. तेवढं काही घशाखाली उतरत नव्हतं. घरात दिवा बदलायला स्टुलावर चढताना हा माणूस चारही पाय हलवून बघायचा आणि एखाद्याखाली पुठ्ठ्याची घडी सारायचा. कपाट सरकवताना बाईंना सतरा वेळा "पाय काढ, पाय काढ" म्हणायचा. जॅकचा भरवसा धरू नये, वजन ठोकळ्यांवर टाकावं, हे त्याने जेवताना इतक्यांदा ऐकवलं होतं की बाई झोपेतही गाडी उचलू शकल्या असत्या. तो ठोकळ्यांशिवाय आत शिरेल?

तरीही आज सही करायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. कारण होती मुलगी. काकाने पहिल्याच दिवशी पिल्लाची गोष्ट सांगितली आणि पोरीने ती घट्ट धरून ठेवली. त्या गोष्टीच्या आधी ती पाणीसुद्धा घ्यायला तयार नव्हती. आता घरात एका खोक्यात बाबांचा जुना स्वेटर अंथरून ठेवला होता. दहावी ताटलीही काढली होती. "बाबांनी वाचवलेलं पिल्लू कधी आणायचं?" रोज सकाळी हाच प्रश्न. "आणू," बाई म्हणायच्या. सही केली की पिल्लू खरं ठरणार होतं. काळ्या रंगाचं एखादं पिल्लू कुठेही मिळालं असतं. नवऱ्याच्या नावावर निष्काळजीपणाचा एक डाग राहिला असता, पण तो नवरा आता कुठे तक्रार करायला येणार होता?

साहेब बोलायला उठले. आवाज आधीच जड करून आले होते. याच साहेबांनी दोन वर्षांपूर्वी डेपोतली सगळी मांजरं पोत्यात भरून लांब सोडून यायचा हुकूम काढला होता, आणि पोत्याची गाठ सोडल्याबद्दल मिस्त्रींना लेखी समज दिली होती. आता तेच साहेब म्हणत होते, "मुक्या जीवांवर प्रेम कसं करावं, हे मी मिस्त्रींकडून शिकलो." मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"तो प्रसंग मी या डोळ्यांनी पाहिलाय," साहेबांना रंग चढला. "पिल्लाचा आवाज कानी पडला मात्र, मिस्त्री हातातलं काम टाकून धावत सुटले. मी ओरडलो, मिस्त्री, थांबा! पण ते कसले थांबतायत? पालथे पडले, सरपटत आत शिरले. पिल्लू घाबरून आत आत पळतंय, आणि मिस्त्री त्याच्या मागे मागे, थेट मागच्या चाकापर्यंत..."

मिस्त्रीणबाईंचे कान टवकारले. मागे मागे?

वीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकाही जनावराच्या मागे गेला नव्हता. त्याची रीतच निराळी होती. मांजर माळ्यावर दडून बसलं, की खाली खायला ठेवायचं आणि त्याच्याकडे पाठ करून फरशीवर बसायचं. बोलायचं नाही, बघायचं नाही. तास लागो, दोन तास लागोत. "मागे गेलं की जनावर आणखी आत जातं," ते म्हणायचे. "पाठ दिसली की ते आपणहून येतं." स्वयंपाकघराची वाट अडवून बसलेली ती पाठ बाईंनी इतक्यांदा ओलांडली होती की तिच्यावरचा प्रत्येक तीळ त्यांना ठाऊक होता. लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात बाई दोन दिवस खोलीतून बाहेर आल्या नव्हत्या. तेव्हाही मिस्त्री दारात ताट ठेवून पाठमोरे बसून राहिले होते. बाई विरघळल्या, बाहेर आल्या, जेवल्या. हा उपाय मुळात मांजरांसाठी होता हे सहा महिन्यांनी समजलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याशी आठवडाभर अबोला धरला. अर्थात मिस्त्री पुन्हा पाठ करून बसले.

तो माणूस पिल्लाच्या मागे सरपटत गेला? हे सांगणाऱ्याने त्याला एक दिवसही नीट पाहिलेलं नव्हतं. थाप मारायची तर निदान माणसाची माहिती तरी काढावी.

बाई उठून उभ्या राहिल्या. साहेबांना वाटलं, त्यांना भडभडून आलंय, म्हणून ते सहानुभूतीने थांबले.

"साहेब, पिल्लू कुठल्या रंगाचं होतं?"

"अं? तपकिरी. तपकिरीच होतं."

"काका तर काळं म्हणाले होते," मुलगी म्हणाली. "पांढऱ्या पायांचं."

"अंधार असतो हो गाडीखाली," दीर घाईने म्हणाला. "वहिनी, बसा ना. सगळे बघतायत."

"कुत्र्याचं होतं की मांजराचं?" बाईंनी साहेबांना विचारलं.

साहेबांनी दिराकडे पाहिलं, दिराने फाइलकडे. इतका वेळ घडाघडा बोलणारं तोंड असं बंद पडलेलं पाहून बाईंना नऊ दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग त्या मागे वळल्या. शेवटच्या रांगेत टायरवाला बसला होता. पंधरा वर्षं तो मिस्त्रींबरोबर एका डब्यात जेवला होता. अंत्ययात्रेत तो पार शेवटी होता, घरी भेटायला आला नव्हता, आणि आताही बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. साक्षीदार म्हणून त्या कागदावर त्याची सही आधीच झालेली होती.

"तुम्ही शेजारच्या गाडीवर होता ना? तुम्ही सांगा."

टायरवाला उठला. बाईंना त्याची कीव आली नाही.

"पिल्लू नव्हतं, वहिनी," तो म्हणाला.

"बस खाली," साहेब म्हणाले.

तो बसला नाही. "ब्रेकची हवेची नळी फुटली होती. सव्वापाचची गाडी होती, लोक आत बसलेले, त्यांना उतरवून गाडी इथे आणली. जॅक तेल सोडत होता, चार महिने सोडतोय. मिस्त्री म्हणाले, ठोकळे द्या. एक जोडी मोडलेली आणि दुसरी साहेबांच्या गाडीखाली. साहेब म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, ठोकळे कसले मागता. मिस्त्री नाही म्हणाले. दोनदा नाही म्हणाले. मग साहेब मला म्हणाले, तू जा."

"आणि?"

"मी निघालो होतो. वाकलो पण होतो. मिस्त्रींनी कॉलर धरून मागे ओढलं. म्हणाले, तुला पाऊण तास लागेल, बाजूला हो. आणि स्वतः आत शिरले. मग जॅक खाली बसला." त्याने बाहीने नाक पुसलं. "मी सही केली, वहिनी. मला नोकरी..."

"कळलं," बाई म्हणाल्या. त्याच्या नोकरीची गोष्ट ऐकायची त्यांना इच्छा नव्हती. नऊ दिवस ज्याला मनात शिव्या घातल्या त्याची आता माफी मागायची सोय नव्हती. नसलेल्या पिल्लाचा मत्सर करत बसल्या होत्या त्या. दुसऱ्यांना नावं ठेवताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती, पण स्वतःला काय म्हणावं ते त्यांना सुचेना.

साहेब मोठ्याने सांगत होते की हा माणूस भावनेच्या भरात बोलतोय, आपण चहा घेऊ या. कुणी उठलं नाही. बाईंनी दिराच्या मांडीवरची फाइल उचलली.

"वहिनी, ती माझी फाइल आहे."

"कागद माझ्या नवऱ्याचा आहे. कुठे आणि कुणाला दाखवायचा ते मी बघीन."

दिराने फाइलचं दुसरं टोक धरलं, सगळे बघतायत हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने ते सोडलं. बाईंनी फाइल काखेत मारली, आणि मग नाइलाजाने मुलीकडे पाहिलं. तिच्याकडे बघायचं त्या इतका वेळ टाळत होत्या.

मुलगी रडत नव्हती. तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती, अवघड गणित असावं तशी.

"म्हणजे पिल्लू नव्हतंच?"

"नव्हतं."

"कुठल्याच रंगाचं?"

"कुठल्याच नाही, बाळा."

"मग बाबा खाली कशाला गेले?"

बाईंच्या तोंडाशी चांगली उत्तरं आली. दुसऱ्याला वाचवायला. त्यांचं मन मोठं होतं म्हणून. ती खरीही होती, पण आज त्या सभेत तसली वाक्यं पोटभर झाली होती.

"सव्वापाचची गाडी वेळेवर सुटावी म्हणून," त्या म्हणाल्या.

मग आईच्या पलीकडे, अजून उभ्याच असलेल्या टायरवाल्याकडे पाहून मुलीने विचारलं, "मग सुटली का?"

टायरवाल्याने साहेबांकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं. पळून जायला जागा नव्हती.

"सुटली," तो म्हणाला. "दुसरी गाडी लावली. पाच मिनिटं उशीर झाला."