दमयंतीचं मधलं नाव

शैलावहिनींनी वाटायला आणलेलं गणपती मंडळाचं ओळखपत्र थेट दमयंतीच्या पापलेटांवर आपटलं.

"माज्या घोवाचा नाव तुज्या गळ्यात कित्याक गो?"

दमयंतीनं ओला हात पदराला पुसून कार्ड उचललं. 'दमयंती तांडेल विठोबा.' विठोबा राणे म्हणजे शैलावहिनींचा नवरा, इतका सरळमार्गी की बांगडा घेतानाही दमयंतीकडे न बघता बांगड्याकडेच बघायचा. तोही मागून धापा टाकत आला. त्याच्या कार्डावर होतं 'जयवंत राणे शैला'.

"जयवंत माझे बाबा! ते वारले कधीचे. मिरवणुकीत दोरी काय ते धरणार?"

बघता बघता काळाचौकीची ती अख्खी चाळ कार्डं नाचवत गोळा झाली. मंडळाचा सेक्रेटरी दगडू रेडकर कपाळाला हात लावून म्हणाला, "सगळ्या चाळीचे बाप बदलले रे!"

कार्डांचा प्रोग्रॅम चाळीतल्याच अनिशनं सी भाषेत लिहिला होता. एक्सेलमध्ये हे काम चुटकीसरशी झालं असतं, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या मुलाला चुटकीसरशी काही करवत नाही.

"प्रोग्रॅम फाईल शब्द-शब्द वाचतो," लॅपटॉप उघडून तो म्हणाला. "मोकळी जागा दिसली की शब्द संपला. मी प्रत्येकाचे तीन शब्द धरले. दमयंतीमावशीचे दोनच. मग तिसरा खालच्या ओळीतून उचलला आणि पुढचं सगळं सरकलं."

"दमयंती, मधे नवऱ्याचं नाव टाक. विषय खल्लास," दगडू म्हणाला.

दमयंतीला संताप आला. नवरा वडाळ्याला दुसरं घर करून बसला, तेव्हापासून तिनं मधे कुणाचंच नाव न घालता नुसतं माहेरचं आडनाव लावलं होतं.

"एवढ्या वर्षांत त्यानं घरात एक बोंबील आणला नाय, आणि त्याचं नाव गळ्यात घालू?"

"मग यंदा तुझं नावच काढायला लागेल."

मिरवणुकीत दोरी धरणाऱ्या बायकांत दमयंती सगळ्यांत पुढे असायची. त्या एका दिवशी तिला कुणी टाकलेली म्हणत नसे.

"मधे डॅश टाकू, मावशी?" अनिश घाईनं म्हणाला.

"नको. डॅश बघून लोक विचारतील, इथं कोण होता?"

अनिशनं डोकं खाजवलं. मग तिथंच पायरीवर बसून त्यानं शब्द मोजणं सोडलं आणि अख्खी ओळ, मोकळ्या जागांसकट, एका दमात वाचायला प्रोग्रॅमला शिकवलं.

"हे आधी सुचलं नाय काय रे?" दगडू करवादला.

संध्याकाळी नवी कार्डं आली. विठोबाचे बाबा सुखरूप स्वर्गात परतले. 'दमयंती तांडेल' एवढंच लिहिलेलं कार्ड दमयंतीनं पुन्हा पुन्हा वाचलं आणि तिथल्या तिथं गळ्यात घातलं.

शैलावहिनी मात्र अनिशपाशी रेंगाळल्या. विठोबा जवळपास नाही याची खात्री करून त्या हळूच म्हणाल्या, "आता दोन शब्द चालतत मा? मग माज्यातला मधला काढशीत काय रे?"

दमयंतीनं तोंडात पदर कोंबला आणि ती पापलेटांवर बर्फ पसरत राहिली.