पंजाबरावांचा मित्र

पंजाबरावांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दुखणं कुणाचं?" रुख्मिणीनं विचारलं.

"मित्राचं."

"मग इंजेक्शन त्याला द्यायला हवं."

"त्याले काय अन् मले काय. लहानपणापासून आमी एकच हाओत, बाई."

मागच्या बाजाराच्या दिवशी मित्राचं रक्तही पंजाबरावांच्याच दंडातून निघालं होतं. तपासणीत गरमी, म्हणजे उपदंश, निघाली. रुख्मिणीनं औषध सोसतंय का ते पाहायला हातावर जरासं टोचलं आणि त्यांना बाकावर बसवून ठेवलं.

डॉक्टर रुख्मिणी गवई विलायतेत गुप्तरोगांचं शास्त्र शिकून आली होती. बंदरांवरच्या खलाशांवरचे तिचे निबंध परदेशात छापून आले होते. तिकडच्या एका परिषदेत कुणीतरी तिला विचारलं, तुमच्या खेड्यातल्या बायकांचं काय? तिच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला ती आपल्याच जिल्ह्यात, दुसरबीडला येऊन बसली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीबाहेर 'गुप्तरोग तपासणी' अशी पाटी होती तोवर आत फक्त एक शेळी येऊन गेली. मग कंपाउंडर शालिग्रामनं पहिला शब्द चुन्यानं पुसला आणि माणसं येऊ लागली. सगळे पुरुष. सगळे मित्रासाठी.

"बाई, या गावात आजारी एकही माणूस नाही," शालिग्राम म्हणाला होता. "मित्र तेवढे समदे आजारी."

बाई मात्र एकही आली नव्हती.

बाकावर पंजाबराव अस्वस्थ झाले होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मित्राची एक गोष्ट इचारायची होती," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याच्या घरी दोन लेकरं झाले. दोन्ही मेलेलेच जन्मले. त्याची माय म्हणते, सून खोटी हाय. चिखलीकडची दुसरी पोरगी पाह्यली तिनं."

रुख्मिणीच्या हातातली सिरिंज थांबली.

"मित्राला सांगा, दुसरीलाही हेच होईल. खोट बायकोत नाही. रोग त्याच्याकडून तिला लागला, तिच्याकडून लेकरांना. दोघांनीही इंजेक्शनं घ्यायला हवीत."

"त्याच्या बायकोची काईच खोट नाई?"

"तिळाएवढीसुद्धा नाही."

पंजाबराव उठले, इंजेक्शन घेतलं आणि मित्राच्या वतीनं 'आई गं' म्हणाले.

पुढच्या बाजाराला त्यांची बैलगाडी दाराशी थांबली. त्यांच्या मागून एक ठसठशीत बाई खोलीत आली. पदर डोक्यावर, नजर सरळ.

"ही माह्या मित्राची बायको," पंजाबराव म्हणाले आणि लगबगीनं बाहेर सटकले.

बाई बाकावर बसली. "मी केसरबाई. मित्राची."

रुख्मिणी ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती. केसरबाईनं ते पाहिलं.

"हासा बाई, हासा. साऱ्या रस्त्यानं मित्र अन् मित्र. मित्रानं असं केलं, मित्र तिकडं गेला. नाल्यापाशी आलो, सासू झोपेत होती, तवा कुठं म्हणे, मित्र मीच."

"मग?"

"मंग काय. मी म्हणलं, हाका गाडी."

तिनं दंड पुढे केला. रक्त काढताना तिनं सुईकडे पाहिलंसुद्धा नाही. मग तिनं हळूच विचारलं.

"लेकरं... माह्यानं नाई गेले ना?"

"नाही, ताई. तुमच्यामुळं नाही."

केसरबाईनं पदरानं डोळे टिपले, नाक पुसलं. "मंग हे बाहेर येऊन सांगा. सासू बसली हाय गाडीत."

रुख्मिणी बाहेर आली. गाडीत गोजरबाई बसली होती, तोंडात तंबाखू आणि कपाळावर आठ्या.

"आजी, तुमच्या सुनेत काही खोट नाही. औषध घेतलं की पुढचं लेकरू जगायला हरकत नाही."

"मंग खोट कोणात हाय?"

रुख्मिणीनं शालिग्रामकडे पाहिलं. रोग्याचं गुपित सांगायचा हक्क तिला नव्हता. दारातला शालिग्राम घाईघाईनं आभाळ पाहू लागला. पंजाबराव बैलाची मान खाजवत उभे होते.

"माह्यात," ते बैलाला म्हणाले. मग वळले. "माह्यात हाय, माय."

आता सारा बाजार गोळा होणार, असं रुख्मिणीला वाटलं. म्हातारीनं लेकाला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि तंबाखू बाजूला थुंकली.

"बापावर गेला," ती म्हणाली.

पंजाबरावांनी मान खाली घातली. म्हातारी मात्र आता त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर दूर कुठंतरी लागली होती. बोटं गाडीच्या दांडीवर फिरत होती.

"माहे तीन गेले, डाक्टरीनबाई. तिन्ही असेच. माही सासू मले पांढऱ्या पायाची म्हणे. मरेस्तोवर म्हणत होती."

परिषदेत विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना रुख्मिणीनं फक्त सुना हिशेबात धरल्या होत्या. सासवा तिच्या मनातही आल्या नव्हत्या.

गोजरबाईनं लुगडं सावरलं आणि पायानं चाकाचा आरा चाचपला.

"म्हाताऱ्या बायाईचं रगत घेता काय?"

"घेते, आजी. या."

पंजाबराव पुढे झाले, पण केसरबाई त्यांच्या आधी गाडीपाशी पोचली होती. तिनं सासूचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"हळू उतरा, आत्याबाई," ती म्हणाली. "सुई काई दुखत नाई."