माशाचं मडकं

आमच्या पिवळ्या नदीकाठी मुलगी सासरी जात नाही, जावईच घरी येतो. पण आधी त्यानं स्वतः घडवलेल्या मडक्यात राळ्याची पेज शिजवून पितरांपुढे ठेवायची. मडकं टिकलं तर जावई टिकला. फुटलं तर होडीत बसून आल्या वाटेनं परत.

थाओसाठी पलीकडच्या तीरावरून खुन आला. मडकी रंगवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यानं माती इतकी गाळली की लोण्यासारखी मऊ झाली. मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून मडकं चढवलं, गोट्यानं घोटलं, पोटावर काळाभोर मासा काढला. भट्टीतून निघाल्यावर थाओच्या आईनं, रुईबाईनं, ते फिरवून फिरवून पाहिलं.

"मासा फार देखणा आहे रे. ह्याला चुलीवर ठेवायचं, की आधी ह्याचंच लग्न लावायचं?"

"मावशी, पितरांना सुंदर नको का द्यायला?"

"दे बाबा. पण आमचे पितर चित्र बघून ढेकर देत नाहीत."

थाओनं त्याला हळूच विचारलं, "मातीत वाळू घातलीस ना?"

"छे! पितरांच्या मडक्यात कचरा कसा घालू?"

"अरे देवा! चुलीचं मडकं कधी केलं नाहीस वाटतं?"

"आमच्याकडे ती बायका करतात. मी नुसती रंगीत करतो."

देव भावाचा भुकेला असतो हे खरंच. पण चुलीला भाव चालत नाही, तिला वाळूच लागते; नुसती मऊ माती आचेवर तडकते. पेजेला उकळी आली आणि माशाच्या शेपटीपासून टच्‌ करून तडा गेला. पेज राखेत जाणार, तोच खुननं फुटकं मडकं दोन्ही तळव्यांवर झेललं. ओरडला नाही. तसंच पितरांपुढे नेऊन ठेवलं, नमस्कार केला आणि मान खाली घालून नदीकडे वळला.

"कुठे रे?" रुईबाई.

"फुटलं ना, मावशी."

"दिसलं मला. आंधळी नाही मी. पण वल्हं कोणत्या हातानं धरणार?"

खुननं तळव्यांवरचे फोड पाहिले.

"हात बरे होईपर्यंत राहा. मग जा खुशाल."

"कधी होतील बरे?"

"ते मी सांगेन." तिनं त्याचे हात गार पाण्याच्या रांजणात बुडवले आणि लेकीकडे वळली. "बघतेस काय? भरव त्याला. पितरांचं खाऊन झालं असेल."

थाओ पेजेचा घास घेऊन पुढे झाली. "आ कर, चित्रकार!"

त्यानंतर नदीला दोन पूर येऊन गेले. रुईबाई अजून रोज ते तळवे बघते आणि म्हणते, "नाही बाई, अजून थोडं लाल दिसतंय."