माझ्यावर टोपी ठेवू नका

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे, आणि आता माझ्यावर कुणी जेवत नाही. जेवणाच्या टेबलाला याहून लाजिरवाणं काय असणार? तरी सांगते. लाज नुसती पोटात ठेवली की लाकूड आतून पोखरतं, असं मला वाटतं.

मला रापातानं बनवलं. पुरात वाहून आलेल्या तोतारा झाडाच्या ओंडक्यातून, आमच्या समुद्रकाठच्या गावातल्या जेवणघरासाठी. पुढे सभाघर, मागे जेवणघर, मध्ये गवत. रापाताला मोजमापाचा भारी कंटाळा. माझा एक पाय आखूड निघाला, तर जमीनच वाकडी आहे म्हणाला आणि पायाखाली शिंपला सरकवून मोकळा झाला. तो शिंपला अजून आहे.

जेवणघरात राज्य रिपेकाचं. उंच बाई, हनुवटीवर हिरवंनिळं गोंदण, आणि जिभेला धार अशी की सुरीची गरज नसावी. पहाटे ती माझ्यावर पिठाचा गोळा आपटून मळायची, तेव्हा माझी फळी न् फळी जागी व्हायची. गावात मयत झालं की माणसं लांबलांबून यायची, दिवसच्या दिवस राहायची. मग माझ्यावर रताळी, डुकराचं उकडलेलं मांस, शिंपल्या, तळलेल्या पावांचे ढीग. माणसं तृप्त होऊन माझ्यावर थाप मारायची. मला वाटायचं, जन्माला यावं तर टेबल म्हणूनच.

रिपेकाची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तिनं माझ्यावर कुणाला टोपी ठेवू दिली नाही. कंगवा नाही, उशी नाही. आमच्यात माणसाचं डोकं तापू, म्हणजे पवित्र, आणि शिजलेल्या अन्नाशी त्याची गाठ पडू द्यायची नाही. बसायचं तर नावच नको. मेंढ्या कातरणाऱ्या एका दांडग्यानं एकदा माझ्यावर बूड टेकलं, तर तिनं ओलं फडकं असं हाणलं की तो पार दारापर्यंत गेला.

“बूड तिथं आणि पावही तिथंच?” ती म्हणाली. “तुला काय झाडाखाली वाढवलं का रे तुझ्या आईनं?”

रिपेका गेली तेव्हा तिचा फोटो सभाघराच्या भिंतीवर लागला, बाकीच्या पूर्वजांच्या रांगेत. जेवणघरात नाही. गेलेल्या माणसांचे चेहरे आम्ही अन्नाच्या जागी आणत नाही.

पुढे घडीची टेबलं आली. पांढरी, हलकी, तिन्ही त्रिकाळ सारखीच दिसणारी. मला शेडच्या मागे नेऊन ठेवलं. कोंबड्या माझ्यावर चढत. रिपेकानं पाहिलं असतं तर कोंबड्यांचं काही खरं नव्हतं.

तिथं मला मारेकुरानं पाहिलं. ती रिपेकाची पणती, शहरात वाढलेली, चित्रकार. आईला माती द्यायला ती गावी आली होती. तिची आई तरुणपणीच कारखान्यात कामाला म्हणून शहरात गेली. तिथं बाई मान खाली घालून राहिली, लेकीला ना गावची भाषा शिकवली ना रीत. शहरात ते काय कामाचं, असं तिला वाटे. त्यामुळे आईच्याच मयताला मारेकुरा पाहुण्यासारखी उभी होती. कधी उठायचं, कधी रडायचं, ते ती बाकीच्यांकडे बघून करत होती.

जेवणघर आता हुहाना मावशींकडे होतं. हुहाना या रिपेकाच्या नात. मारेकुरा माझ्यावरून हात फिरवत राहिली तेव्हा मावशी म्हणाल्या, “ने हे. तुझी आई लहानपणी याच्याखाली झोपायची. आणि काही अडलं तर विचार गं.”

“ठाऊक आहे मावशी मला,” मारेकुरा पटकन म्हणाली.

तिला ठाऊक नव्हतं, मित्रांनो. पण ठाऊक नाही हे सांगायचीच तिला लाज वाटत होती. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं.

शहरात मी तिच्या चित्रशाळेत आले. भिंतीभर तिची चित्रं होती. नेच्याची कोवळी वेटोळी, माशाचा गळ, होडीचं पुढचं टोक. लोक येत, माना डोलवत, या चिन्हांचा अर्थ काय म्हणून विचारत. ती घडाघडा सांगे. लोक गेले की खुर्चीत बसून पुस्तकं उलटी करून ठेवी, कारण सांगितलेलं सगळं त्यांतलं होतं. एकदा ती आरशात बघून स्वतःलाच म्हणाली, “मोठी आली अर्थ सांगणारी.”

मग तिनं आईच्या पेटीतला रिपेकाचा फोटो बाहेर काढला. त्यावरून चित्र काढायचं, ते विकायचं नाही, गावी न्यायचं, सभाघरात लावायचं, असं तिनं ठरवलं. तिथं चित्र लागलं की आपणही तिथले, एवढी एकच तिची आस होती. तिनं कॅनव्हास माझ्यावर आडवा पसरला.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कपाळ उतरलं, डोळे उतरले, हनुवटीवरचं गोंदण रेघेरेघेनं उतरलं. कॅनव्हासच्या कडेलाच चहाचा कप आणि लोणी लावलेला पाव. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात घास. ज्या बाईनं माझ्यावर साधी टोपी टेकू दिली नाही, तिचंच डोकं माझ्यावर होतं आणि शेजारी खरकटं. मी ओरडणार कशी? आखूड पायावर डुगडुगले. मारेकुरानं शिंपला नीट सरकवला आणि पुन्हा रंगवायला लागली.

चित्र मात्र जिवंत झालं होतं. त्याकडे बघताना मलाही पीठ आपटल्याचा आवाज येई.

शहरात तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, त्या दिवशी तिनं गावाला बोलावलं. गावचे तामाती काका व्हॅन चालवत सगळ्यांना घेऊन आले. एवढ्या लांब आलेल्या माणसांचं पोट भरलं पाहिजे, हे मारेकुराच्या रक्तातच होतं. तिनं स्वतः पाव तळले, शिंपल्या मागवल्या. आणि गावचं अन्न गावच्या टेबलावर म्हणून मला मांडलं ते नेमकं रिपेकाच्या चित्राखाली. वाफ तिच्या तोंडावर जात होती. पोरीनं हे सगळं मायेनं केलं होतं, म्हणून मला जास्त रडू येत होतं.

हुहाना मावशी दारात आल्या. चित्र पाहिलं आणि जिथल्या तिथं थांबल्या. मग त्यांनी गेलेल्या माणसाला हाक घालतात तसा लांब, थरथरता सूर लावला. आजी समोर उभी असल्यासारख्या त्या एकेक पाऊल टाकत पुढे येऊ लागल्या. मारेकुराचे डोळे भरून आले. आस पुरी होत होती.

मग मावशींची नजर खाली उतरली. पाव, शिंपल्या, लोणी. सूर अर्ध्यावरच तुटला. माझ्या आयुष्यात मी तो सूर अर्धा राहिलेला ऐकला नव्हता.

मारेकुराला काहीतरी बिनसल्याचं कळलं, काय ते कळेना. घाबरून ती म्हणाली, “मावशी, हे आपलंच टेबल. चित्रसुद्धा मी याच्यावरच काढलंय.”

तामाती काकांनी कपाळाला हात लावला. मावशींनी माझ्या कडेवर बोटं ठेवली, मला ओळखलं आणि बोटं काढून घेतली. मग अगदी हळू म्हणाल्या, “पोरी, तू आजीला पानात वाढलंस गं.”

धरणी दुभंगावी आणि आत घ्यावं, असं मारेकुराचं तोंड झालं. शहरातले लोक हातात पेले धरून बघत होते, त्यांना काही उमगलं नाही. काकांनी पातेली उचलली. गावची माणसं बाहेर व्हॅनच्या मागच्या दारात उभी राहून जेवली. मावशींनी पाणी मागितलं, प्रार्थना म्हणत चित्रावर शिंपडलं, माझ्यावरही शिंपडलं. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चित्रशाळेत आल्या, तेव्हा चित्र आणि मी दोघं परत तिथंच होतो, आणि मारेकुरा हातात कात्री घेऊन चित्रासमोर बसली होती. मावशींनी आधी ती कात्री काढून घेतली.

“मला काहीच येत नाही, मावशी,” मारेकुरा म्हणाली. “मी तुमच्यातली नाहीच. मला विचारायची लाज वाटली.”

“आणि आता?”

“आता तर तोंड दाखवायची लाज वाटते.”

मावशी तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले, त्यांनी गुडघ्यांनाच एक शिवी दिली.

“काल तिथं एवढी माणसं होती. लाज कुणाला वाटली? तुला आणि आम्हाला,” त्या म्हणाल्या. “परक्यानं केलं असतं तर मी गोड हसून चहा प्याले असते. लाज घरच्यांनाच वाटते, पोरी.”

मारेकुरा मावशींच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मावशींनी रडू दिलं. मग म्हणाल्या, चित्र घरी येईल, पण तूही यायचं, आणि आधी भांडी घासायची. रीत पुस्तकात नसते, मोरीत असते.

निघताना त्या माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता मलाही घरी ने म्हणतील. त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला.

“हे नाही येणार,” त्या म्हणाल्या. “तिचा चेहरा याच्यावर उतरलाय. आता यावर अन्न नाही.”

रिपेका आज सभाघरात आहे, स्वतःच्या माणसांच्या रांगेत. मारेकुरा मोठ्या मयतांना गावी जाते, फडकं खांद्यावर टाकून भांडी घासते, आणि काय वाटेल ते विचारते. काका म्हणतात, आधी ही बोलत नव्हती तेच बरं होतं. इथं चित्रशाळेत ती माझ्यावर फक्त रंगवते. भूक लागली की ताटली घेऊन दारातल्या पायरीवर जाऊन बसते. तळलेल्या पावाचा वास तिथूनच येतो आणि माझी फळी न् फळी जागी होते.

मित्रांनो, कुणाच्या घरातून जुनी वस्तू आणलीत तर तिची रीतही मागून आणा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, त्याची लाज घडीभराची असते. आम्हा वस्तूंना तोंड नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना आहे. ते आहेत तोवर विचारून घ्या.