पिठाची खळ

मी शाळेत इतिहास शिकवते, पण माझ्या सख्ख्या आजोबांचा चेहरा मला ठाऊक नव्हता. रोदिओन आजोबा पूल बांधायचे. एकोणीसशे सदतीस साली सरकारनं त्यांना धरून नेलं, ते परत आलेच नाहीत. आजीनं भीतीपोटी घरातले सगळे फोटो चुलीत घातले. उरला एकच, शाळेच्या पुस्तकात छापलेला, नव्या पुलावरचा. त्यातलाही त्यांचा चेहरा, पकडलेली माणसं पुस्तकांतून पुसायच्या सरकारी हुकमावरून, गावोगावच्या पोरांनी शाईनं काळा केला. नऊ वर्षांच्या माझ्या आईनंही केला. आता ती वडिलांना आठवू गेली की तिच्या डोळ्यांपुढे शाईच येते.

लेनिनग्राडपासून वोलोग्दापर्यंत जिथे ते पुस्तक मिळालं तिथे तोच काळा डाग. शेवटी कळलं, कार्गोपोलच्या फाद्देय लुकिच नावाच्या म्हाताऱ्याकडे त्याच्या वडिलांनी जमवलेली खूप पुस्तकं आहेत, आणि तो ती घराबाहेर जाऊ देत नाही. मग आईलाच घेऊन निघाले. आधी आगगाडी, मग मार्चच्या चिखलातून रखडणारी बस.

"डाग बघायला एवढी पायपीट," आई पुटपुटली. "तुला हौस दांडगी."

म्हाताऱ्यानं दारातच आम्हाला हात धुवायला लावले. घरात माणसाला टेकायला जागा नव्हती. पलंगाखाली, कांद्याच्या पोत्यांशेजारी, चुलीवरच्या माळ्यावर पुस्तकंच पुस्तकं. झारांच्या वंशावळी, मठांच्या बखरी, जुने नकाशे. एरवी मी तिथे महिनाभर मुक्काम ठोकला असता. त्या दिवशी मला एकच पान हवं होतं.

त्यानं ते उघडलं. पुलावर चार माणसं, आणि एकाच्या चेहऱ्यावर चिकटवलेला करडा कागद. माझं डोकंच फिरलं.

"इथंही झाकलंच आहे. शाई काय नि कागद काय."

"फरक आहे, बाई," तो शांतपणे म्हणाला. "माझे वडील मास्तर. हुकूम आला तेव्हा वर्गातल्या पोरांना त्यांनी शाईच दिली, खोटं कशाला बोलू. पण घरच्या प्रतीला पिठाची खळ लावली. म्हणायचे, शाई जात नाही, सरकारं जातात."

"मग तुम्ही इतकी वर्षं कागद काढला का नाहीत?"

"ज्याचं माणूस त्यानं काढावा."

त्यानं किटली ठेवली. वाफ धरल्यावर कागदाची कड सुटली. त्यानं पातळ सुरी आईपुढे केली. "घ्या, कापितोलिना रोदिओनोव्ना," वडिलांच्या नावासकट तिला हाक मारत तो म्हणाला.

मला वाटलं, ती उठून जाणार. पण तिनं कागद हळूहळू सोलून काढला.

चौतिशीचा तरुण होता तो. कान बाहेर आलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले. आई पानावर वाकली.

"किती लहान आहेत गं," ती म्हणाली. मग नजर न उचलता बोलू लागली. "शाई लावताना हे माझेच वडील, हे मला माहीत होतं, रिम्मा. वर्गातल्या बाईंना खूश करायचं होतं. रेघेबाहेर एक थेंब गेला नाही म्हणून त्यांनी शाबासकी दिली. मी घरी पळत आले आणि आईला सांगितलं."

"आजी काय म्हणाली?"

"मला सूप वाढलं. स्वतः जेवली नाही."