लेन्सच्या वरचा हिरवा बेडूक

मित्रांनो, तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की बेडूक 'डराव डराव' करतो. मी तसं करत नाही. मी 'चीं' करतो. मी फोटो स्टुडिओतला एक जुना रबरी बेडूक आहे. पाठीवरचा माझा हिरवा रंग उडाला आहे आणि उजव्या पायाला चिकटपट्टी लावलेली आहे.

माझा जन्म साच्यात झाला. कारखान्यात गरम, पातळ रबर साच्यात ओतलं, साचा गोल गोल फिरवला, रबर आतल्या भिंतीला चिकटून थंड झालं आणि मी पोकळ पोटाचा बाहेर आलो. मग एका बाईने माझ्या पोटाखालच्या भोकात बोटाच्या पेराएवढी शिट्टी बसवली. मला दाबलं की पोटातली हवा त्या शिट्टीतून बाहेर पडते आणि मोठा 'चीं' होतो. सोडलं की हवा परत आत शिरते आणि बारीक 'पीं' होतो. एवढीच माझी विद्या.

एका फोटोवाल्या बाईंनी मला दुकानातून आणलं. मुलं तिला मावशी म्हणत, म्हणून माझीही ती मावशीच. उजव्या हाताचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर आणि डाव्या हातात मी, लेन्सच्या बरोबर वर. मी ओरडलो की मूल माझ्याकडे बघायचं, आणि फोटोत मात्र ते तुमच्याकडे बघतंय असं वाटायचं. माझा आवाज आणि मुलाची मान वळणं यांत जेमतेम अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात मावशीचं बोट तयार असायचं. तिच्या भिंतीवर शेकडो फोटो आहेत. त्यांतल्या एकातही मी नाही, पण त्यांतले सगळे डोळे माझ्यावर खिळलेले आहेत. एका आजी म्हणाल्या होत्या, "आमच्या नातवाला हसवणारा या घराण्यात हाच पहिला!" त्या दिवशी मी हवेशिवायच फुगलो होतो.

पुढे घरोघरी फोन आले आणि फोटो घरीच निघू लागले. मी खणात गेलो. तिथे संपलेले सेल होते, वाळलेलं पेन होतं आणि अंधार होता. रबराला हालचाल नसली की ते कडक होतं. माझा पाय खणाच्या रंगाला चिकटून बसला. तीन वर्षांनी मावशीने मला ओढून काढलं तेव्हा तो फाटला. चिकटपट्टी तेव्हाची.

मला बाहेर काढायचं कारण एक कुटुंब होतं. आई, बाबा, आजोबा, सहा वर्षांची ताई आणि वीस महिन्यांचा भाऊ. त्यांच्या फोनमध्ये हजार फोटो होते, पण पाचही जण एकत्र असलेला एकही नव्हता. फोन धरायला कोणीतरी बाहेर राहायचंच. आईला भिंतीवर लावायला एक तरी पाच जणांचा फोटो हवा होता.

मावशीने त्यांना फोनवर बजावलं, "बाळाची झोप झाल्यावर या. पोट भरलेलं हवं. नवे कपडे एकदा धुऊन घाला, नाहीतर कॉलर टोचते आणि मूल फोटोभर मान खाजवतं. आणि घरी 'हस, हस' असं घोकून घेऊ नका."

आदल्या दिवशी तिने मला साबणाने धुतलं, कारण शेवटी मी कोणाच्या ना कोणाच्या तोंडात जातोच. बाकड्यावर उशी ठेवून दिव्यांचा उजेड तपासला. जमिनीवर पाच जणांच्या पायांसाठी पट्ट्या चिकटवल्या.

कुटुंब वेळेवर आलं. कपडे धुतलेले होते. बाबा मोठ्या उत्साहात म्हणाले, "आम्ही आठवडाभर तालीम केलीय. मी एक, दोन, तीन म्हणतो आणि महाराज बरोबर समोर बघतात."

"महाराज?" मावशीने विचारलं.

आई हसली. "हे आमचे धाकटे. दहा हाका मारा, मान वळवणार नाहीत. मर्जी असेल तर बघणार."

महाराज आईच्या मांडीवर बसले आणि दिव्याच्या तारेकडे बघू लागले. बाबा आपल्या पट्टीवर उभे राहिले आणि म्हणाले, "एक, दोन, तीन!" महाराज तारेकडेच. मावशीने मला दाबलं. चीं! ताई खिदळली. आजोबा दचकले. महाराज तारेकडेच.

मित्रांनो, मला वाटलं, खणात राहून माझा आवाज गेला. पण मग ताई का हसली?

"नाटकं आहेत हो याची," आई म्हणाली. "घरी बघतो की!"

"घरी कुठे बसवता त्याला?" मावशीने विचारलं.

"पलंगावर."

"आणि तुम्ही?"

"समोरच, कडेला," बाबा म्हणाले. "तीन म्हणतो आणि पलंगावर असा हात आपटतो. लगेच बघतो."

मावशीने बाकड्यावर हात आपटून बघितला. इथे बाकडं दगडी होतं आणि जमीन पक्की. पलंगाची फळी हात आपटला की हलते. ती हालचाल बसलेल्या मुलाला अंगातून कळते. त्यासाठी कान लागत नाहीत.

मला घेऊन ती बाळाच्या मागे गेली. तिची सावली त्याच्यावर पडू नये म्हणून एक दिवा बंद केला. वाकली आणि मला दाबलं. पुन्हा दाबलं. बाळ तारेकडे बघून हसत होतं.

"मी सांगितलं होतं ना," ताई म्हणाली. "मागून हाक मारली की त्याला कळतच नाही. समोर गेलं की कळतं."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," बाबा म्हणाले.

"बोलू द्या तिला," मावशी म्हणाली. "हे बघा, मी डॉक्टर नाही. मला फोटो काढता येतात, बस. पण इतक्या वर्षांत या बेडकाकडे एकदाही न वळलेलं मूल मी पाहिलं नाही. याला कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आजच."

"आम्ही फोटो काढायला आलोय," बाबा तडकले.

"अहो, बाळ अजून बोलत नाही, पण त्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला?" आजोबा बाबांकडे बोट दाखवून मावशीला म्हणाले. "अडीच वर्षं मौन होतं. आता बघा, तोंडाला कुलूप लावावं लागतं."

कोणी हसलं नाही. आईने हात पुढे केला आणि मला मावशीकडून घेतलं. बाळाला आजोबांच्या मांडीवर दिलं, मागे जाऊन उभी राहिली आणि मला दाबलं. उजव्या कानामागे. डाव्या कानामागे. आठ वेळा. आजवर मला सगळ्यांनी हसवायला दाबलं होतं. त्या बोटांना हसू नको होतं, नुसती एक वळलेली मान हवी होती. मी माझ्या पोटातली सगळी हवा दिली. मान वळली नाही.

ते फोटो न काढताच गेले. जमिनीवर पट्ट्या तशाच राहिल्या. मावशीने मला पुन्हा खणात टाकलं नाही, खिडकीत ठेवलं.

नऊ महिन्यांनी ते पुन्हा आले. बाळ आता धावत होतं. त्याच्या दोन्ही कानांमागे ऐकण्याची लहानशी यंत्रं होती. डॉक्टरांनी बाळ झोपलेलं असताना तपासणी केली होती. दोन्ही कानांना फार कमी ऐकू येत होतं. तपासण्यांत आणि यंत्रं मिळण्यात महिने गेले; ती बसवून दहाच दिवस झाले होते.

बाबा दारातच थांबले. "त्या दिवशी मी तुमच्यावर चिडलो होतो."

"चिडलात, पण डॉक्टरांकडे गेलात ना," मावशी म्हणाली. "या आत."

सगळे पट्ट्यांवर उभे राहिले. मावशीने मला हातात घेतलं आणि थांबली. "त्याला आवाज नवीन आहेत. घाबरेल. खेळणं नुसतं हलवून दाखवू?"

आई म्हणाली, "दाबा."

चीं!

बाळ दचकलं. मान वळली. त्याने थेट माझ्याकडे बघितलं, ओठ थरथरले आणि त्याने असं भोकाड पसरलं की आजोबांचा चष्मा नाकावरून घसरला. तेवढ्यात मावशीच्या बोटाने बटण दाबलं.

"अरेरे," बाबा म्हणाले. "तो शांत झाला की दुसरा काढू. हसरा."

आई कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो बघत होती. आजोबा चष्मा सावरताहेत, बाबांचं तोंड उघडं, ताईचे दोन्ही हात तोंडावर आणि मधोमध बाळ, गळा काढून रडणारं.

"नको," ती म्हणाली. "हाच मोठा करून द्या."

मित्रांनो, माझी विनंती लहानशी आहे. तुमच्या घरचं लहान मूल हाकेला वळलं नाही, तर त्याला हट्टी म्हणायच्या आधी एकदा त्याच्या मागे उभं राहून हाक मारा. जमिनीवर पाय आपटू नका, सावली पडू देऊ नका. नाहीच वळलं तर मोठ्यांना सांगा. त्यांनी 'मध्ये बोलू नको' म्हटलं, तर पुन्हा सांगा.